सफरचंद कशाला?

इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षेत स्थिरचित्राचा पेपर असतो. तयारीसाठी मुलांपुढे ठरलेलंच मांडतात... फुलदाणी, सफरचंद, मागे चुण्या पाडलेलं कापड. अहो, हा जालना जिल्हा! इथे मोसंबी पिकते. सफरचंद आमच्या पोरांनी पाहिलेलं ते बहुधा आजाऱ्याच्या उशाशी.

२०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष. मी मराठीचा, पण चित्रकलेचे तास माझ्याकडे आले होते. म्हटलं, घरातलं काहीही आणून मांडा. एका मुलीनं टँकरवर न्यायची घागर, नळीचा तुकडा आणि सुरकुतलेल्या दोन मोसंब्या मांडल्या. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "असलं परीक्षेत येत नाही."

व्हॅन गॉगनं १८८६ साली झिजलेले बूट रंगवले. ते चित्र आज अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. साहेबांनी त्यालाही नापासच केलं असतं!

छायाप्रकाश शिकवायला फुलदाणीच लागते, हे मला पटत नाही. घागरीवरही उजेड पडतोच की. त्या मुलीनं मला तीनदा विचारलं, सर, पिवळ्यात तपकिरी किती मिसळू? सफरचंदाला लाल रंग मात्र सगळी पोरं डबीतून थेट फासत.