गंजीवरची ताडपत्री : पाणी उतरू द्या, वाफ जाऊ द्या



सोयाबीन कापणीला आले की सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. परतीचा पाऊस आपल्याकडून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतो. पण जाता जाता तो काय करील याचा नेम नाही. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर कापून ठेवलेल्या सोयाबीनला शेतातच मोड फुटले, हे पुष्कळांच्या लक्षात असेल. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात तर उभी पिकेच पाण्याखाली गेली. तसल्या पुरापुढे ताडपत्रीचे काही चालत नाही. पण रात्री दोन तास कोसळून जाणाऱ्या पावसात वर्षाची कमाई राहते की जाते, हे बरेचसे ताडपत्रीवर ठरते. त्यातही ताडपत्री आहे की नाही यापेक्षा ती घातली कशी, यावर जास्त ठरते.

आज ताडपत्री बहुतेक घरांत आहे. तरीही कुठे गंजी बुडातून भिजते, कुठे वरून कोरडी दिसते आणि आतून काळी निघते. याची कारणे दोनच. पाण्याला उतरायला वाट ठेवलेली नसते, आणि आतल्या वाफेला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते. या दोन वाटा सांभाळल्या की निम्मे काम झाले.

पाण्याचे वजन ओळखा

१८ बाय २४ फुटांची ताडपत्री घ्या. तिच्यावर एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १,००० लिटर पाणी पडते. म्हणजे एक टन! हे पाणी पडता पडता उतरून गेले तर त्याचे ओझे नाही. पण कुठे खळगा राहिला, तर तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि सरासरी चार इंच खोल अशा एका डबक्यातच ८५ लिटर पाणी साठते. तेवढ्या वजनाने डोळे फाटतात, बांबू वाकतो आणि डबक्याखालचा माल भिजतो.

म्हणून गंजी म्हणा की सुडी म्हणा, ती वर सपाट रचू नका. मधोमध उंच, बैलाच्या पाठीसारखी रचा. गुरांसाठी किंवा मळणीच्या जागेवर छप्पर करायचे असेल, तर दर चार फुटांना एक फूट तरी उतार द्या. एक कोपरा मुद्दाम खाली बांधला की पाणी तिकडून धार धरून जाते. डबके साठलेच, तर टोकदार काठीने खालून ढोसू नका. काठीला पोते गुंडाळा आणि हलक्या हाताने पाणी कडेकडे सरकवा.

बूड आधी सांभाळा

गंजीसाठी उंचवट्याची जागा घ्या आणि भोवती वीतभर खोल चर काढा. खाली दगड, त्यावर लाकडे किंवा पऱ्हाट्या आणि वर वाळला कडबा असा थर द्या. खाली प्लॅस्टिक अंथरणार असाल, तर ते वरच्या ताडपत्रीच्या बाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलेल्या कडेवर वरचे पाणी पडते आणि तिथून थेट गंजीखाली जाते. त्याच कारणाने वरच्या ताडपत्रीच्या कडाही गंजीखाली दुमडू नका. त्या बाहेर लोंबू द्या, पाणी चरात पडले पाहिजे.

वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवण्याची रीत आहे, ती सोडा. दगडाखाली खळगा पडतो आणि ताडपत्री घासून फाटते. त्यापेक्षा मातीने भरलेल्या पिशव्या दोरीने डोळ्यांना बांधून खाली लोंबत्या सोडा. खुंट्यांना बांधायचे असेल, तर डोळा आणि दोरी यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला. वाऱ्याचा हिसका रबर सोसते, डोळा फाटत नाही. सुती दोरी भिजली की आखडते, नायलॉनची थोडी सैल पडते. म्हणून पाऊस थांबल्यावर गाठी एकदा चाचपून बघा. बांबूचे टोक जिथे ताडपत्रीला लागते, तिथे चिंध्या गुंडाळायला विसरू नका.

कोंडलेली ओल पावसाहून वाईट

ओले पीक घाईने गोळा करून वरून घट्ट झाकले, तर ते वाचले असे समजू नका. आत ऊब धरते. पाण्याची वाफ वर जाते, ताडपत्रीला आतून घाम येतो आणि तो थेंब थेंब पुन्हा मालावर पडतो. अशा गंजीत सोयाबीन काळे पडते आणि त्याची उगवण जाते. भुईमुगाच्या शेंगा आणि मका यांवर हिरवट-पिवळी बुरशी येते. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते शिजवल्याने किंवा भाजल्याने पुरते जात नाही. बुरशी आलेला दाणा माणसांनी खाऊ नये, आणि जनावरे-कोंबड्यांनाही घालू नये.

म्हणून पाऊस उघडला, ऊन पडले, की ताडपत्री निदान दोन बाजूंनी वर करा. गंजीत हात कोपरापर्यंत घालून बघा. आत गरम लागले, तर गंजी मोडून पीक पसरा. उद्या करू म्हणू नका. मळलेले सोयाबीन साठवायचे, तर ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणा आणि मगच पोत्यात भरा. आणि येत्या दोन दिवसांत पावसाचा अंदाज असेल, तर कापणीची घाई करू नका. उभे पीक वाऱ्याने सुकते, जमिनीवर पडलेले सुकत नाही. मात्र वाळलेल्या शेंगा फुटू लागल्या असतील, तर मिळालेली उघडीप दवडू नका.

आधी जीव

परतीच्या पावसात विजा फार. गडगडाट ऐकू आला की गंजी उघडी असली तरी शेत सोडा आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली किंवा उघड्या रानातल्या ताडपत्रीच्या आडोशाला थांबू नका. ताडपत्री वीज अडवीत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आपल्या भागातल्या विजेची सूचना देते. घरातल्या एखाद्या मुलाकडून ते मोबाइलवर घेऊन ठेवा. झाकायचे काम आभाळ भरून येण्याआधीच उरकलेले बरे.

घडी घालण्यापूर्वी

ताडपत्री पावसात जितकी खराब होते, त्याहून जास्त ती ओली गुंडाळून ठेवल्याने होते, असे अनुभवी माणसे म्हणतात ते खोटे नाही. कापडी असेल तर ती कुजतेच. प्लॅस्टिकची कुजत नाही, पण मळावर बुरशी धरते, वास मारते आणि डोळे गंजतात. काम झाले की साध्या पाण्याने, हवे तर थोड्या कपड्याच्या साबणाने धुवा. रॉकेल, डिझेल लावू नका. दोरीवर टाकून दोन्ही बाजू कोरड्या करा. घड्यांतले दाणे झटका, नाहीतर दाण्यासाठी उंदीर येतात आणि ताडपत्री कुरतडतात. वाळली की उन्हात तशीच टाकून ठेवू नका, उन्हाने प्लॅस्टिक कडक होऊन तडकते.

भोक लहान असतानाच बुजवा. प्लॅस्टिकला सायकलचे सोल्यूशन नीट धरत नाही. ताडपत्रीची चिकटपट्टी मिळते, ती कोरड्या, स्वच्छ जागी दोन्ही बाजूंनी लावा. मोठी फाट असेल तर नायलॉनच्या दोऱ्याने ठिगळ शिवून वरून पट्टी लावा. आणि खते, औषधे ठेवलेली ताडपत्री धान्यासाठी कधीही वापरू नका.

नवी घेताना

दुकानदार जीएसएमचा आकडा सांगतो. त्याचा अर्थ एक चौरस मीटर ताडपत्रीचे ग्रॅममधले वजन. गंजीसाठी २०० च्या खालची घेऊ नये. आकडा खरा की खोटा, ते काट्यावर कळते. १८ बाय २४ फुटांची २०० जीएसएमची ताडपत्री ८ किलोच्या आसपास भरली पाहिजे, २५० ची १० किलो. टेपने लांबी-रुंदीही मोजून घ्या. पक्के बिल मागा. अनुदानाची योजना चालू आहे का, याची पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा.

कापणीला अजून अवकाश असेल, तर या आठवड्यात एवढे करा. घरातली ताडपत्री बाहेर काढा आणि अंगणात उभी धरून उजेडाकडे बघा. भोके आत्ताच दिसतील. ती दिसायला पावसाची रात्र यावी लागू नये.