गडाच्या वाटेवर साखळी सोडू नका

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. रविवारी संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात एक कुटुंब नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. सकाळी सगळे तुमसर तालुक्यातील अंबागडला गेले होते. गड पाहून उतरताना वळणावरून एक दांडगा अल्सेशियन कुत्रा अचानक समोर आला. गळ्यात पट्टा होता, साखळी मात्र मालकाच्या हातात गुंडाळलेली. मालक तीस-चाळीस पावले मागे. मुलगी घाबरून पळाली आणि सुट्या दगडांवरून घसरून हातावर पडली. मनगटाचे हाड मोडले होते.

वडिलांना हाताचीच काळजी होती. "कुत्र्याने काही केले का?" असे मी विचारले, तेव्हा आई म्हणाली, "चावला नाही जी डॉक्टरसाहेब, नुसती नखं लागली." पोटरीवर दोन ओरखडे होते आणि त्यांवर वाळलेले रक्त. कुत्र्याचा मालक भला माणूस असावा. त्याने पाणी दिले, माफी मागितली आणि सांगितले, "घरचा आहे, सुया झाल्या आहेत, तो चावत नाही." एवढ्यावर समाधान मानून मंडळी खाली उतरली. त्याचे नाव, गाव, फोन नंबर कोणी विचारला नाही. म्हणजे कुत्रा पुढचे दहा दिवस धडधाकट राहिला की मेला, हे कळण्याचा मार्गच संपला. जखम धुऊन मी लसीची पहिली मात्रा दिली आणि सीरमसाठी व हातासाठी त्यांना त्याच रात्री जिल्हा रुग्णालयात पाठवले. मुलगी आज ठणठणीत आहे. पण जे टळण्यासारखे होते, ते तिला भोगावे लागले.

"तो चावत नाही" हे वाक्य तीस वर्षांच्या व्यवसायात मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. वाक्य बहुधा खरेही असते. पण ते मालकाला ठाऊक असते, समोरून येणाऱ्याला नाही. शिवाय डोंगराच्या वाटेवर इजा होण्यासाठी कुत्र्याने चावलेच पाहिजे असे नाही. सपाट रस्त्यावर दचकलेला माणूस दोन पावले मागे सरतो. चढणीवर मागे सरायला जागाच नसते. वाट अरुंद, पायाखाली मुरूम, एका बाजूला उतार. अशा ठिकाणी म्हातारा माणूस, कडेवर मूल घेतलेली बाई किंवा शाळेची सहल यांच्यासाठी नुसती भीतीसुद्धा हाड मोडायला पुरेशी असते.

दोष इतरांनाच देतो असे नाही. पूर्वी माझ्याकडेही कुत्रा होता आणि वैनगंगेच्या काठाने पहाटे फिरायला नेताना मी त्याला मोकळा सोडत असे. एकदा तो डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणाऱ्या एका म्हातारीकडे शेपूट हलवत धावला. खेळायलाच गेला होता. म्हातारी भाऱ्यासकट बसकण मारून पडली. मला ओळखत होती, म्हणून काही बोलली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या दिवसापासून साखळी हातातून सुटली नाही.

कोणी म्हणेल, गावात शेकडो कुत्री मोकाट फिरतात, आमच्या एकट्याच्या कुत्र्याला बांधून काय होणार? प्रश्न चुकीचा नाही. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण हे नगरपालिकेचे व ग्रामपंचायतीचे काम आहे आणि ते व्हायलाच हवे. पण आपल्या घरच्या कुत्र्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. आपले जनावर निष्काळजीपणे सोडून दुसऱ्याच्या जिवाला धोका करणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. जुन्या दंड विधानात त्यासाठी २८९ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत २९१ वे आहे. अर्थात कलम दाखवावे लागू नये, हेच बरे.

जंगलाच्या वाटेवर आणखी एक धोका असतो. आपल्या जिल्ह्यातील जंगलात बिबट आहे, अस्वलही आहे. मोकळा कुत्रा झुडपात शिरून अस्वलावर भुंकतो आणि अस्वल मागे लागले की धावत येतो तो थेट मालकाकडेच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बायाबापड्या याच वाटांवर असतात. कोका अभयारण्यासारख्या ठिकाणी तर पाळीव कुत्रा नेऊच नये.

आता रेबीजविषयी थोडे. इंटर्न असताना मी या रोगाचा एक रुग्ण पाहिला. पाण्याचा पेला समोर येताच त्याच्या घशाला आकडी येई. शुद्धीवर होता, सगळे कळत होते आणि आमच्यापाशी उपाय नव्हता. आजही लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बरा होत नाही असेच धरून चालावे लागते. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यांकडूनच येतो आणि जगभर त्याला बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. पण वेळीच उपचार झाले तर तो हमखास टाळता येतो. १८८५ मध्ये लुई पाश्चरने एका नऊ वर्षांच्याच मुलाला पहिली लस टोचली होती. पोटात घ्यावी लागणारी ती जुनी चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. लस दंडात दिली जाते, लहान मुलांना मांडीत.

कुत्रा चावला किंवा नख लागले तर एवढे करा. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. गडावर नळ नसतो, म्हणून पाण्याची जादा बाटली आणि साबणाची वडी पिशवीत असू द्या. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त न येता ओरखडा असेल तर लस लागते. रक्त आले असेल, दात खोल गेला असेल किंवा उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटले असेल, तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. कुत्रा दहा दिवस बघू आणि मग ठरवू, असे करू नका. लस आधी सुरू करा, कुत्र्यावर नजर नंतर ठेवा. ठरलेल्या सगळ्या तारखा पाळा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते.

कुत्रा घेऊन डोंगरावर जाणाऱ्यांना माझे सांगणे थोडेच आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत आणि परत पायथ्यापर्यंत साखळी हातात ठेवा, तीही आखूड. समोरून माणसे आली की कुत्र्याला वाटेच्या आतल्या बाजूला, डोंगराकडे घेऊन थांबा आणि त्यांना आधी जाऊ द्या. त्याची लस दरवर्षी टोचून घ्या आणि कार्ड जवळ बाळगा. काही घडलेच तर माफीबरोबर आपला फोन नंबरही द्या. ज्यांच्याजवळ कुत्रा नाही त्यांनी पायथ्याच्या कुत्र्यांना बिस्किटे दाखवून वर नेऊ नये, मुलांना "पळू नको, स्थिर उभा राहा" हे घरीच शिकवावे, आणि नंबर मागायला लाजू नये.

थंडी सुरू झाली की अंबागडला गर्दी वाढते. महाशिवरात्रीला गायमुखला तर माणसांचा पूर लोटतो. कुत्र्याला मनसोक्त धावू द्यायचे असेल तर आपले शेत आहे, आपले आवार आहे. गडाची वाट सगळ्यांची आहे. ज्याला कुत्र्याची भीती वाटते, त्यालाही ती निर्धास्त चढता आली पाहिजे.