जुनी मोटार व नवे दिवे

आमच्या करवीर नगरीत जुन्या मोटारीस नव्या मोटारीचे दिवे बसविण्याची हौस बरीच दिसून येते. वडिलांच्या अगर आजोबांच्या काळची अँबेसेडर किंवा महिंद्रची जीप अद्याप दारात उभी असते. तिचे यंत्र ठणठणीत असते. परंतु तिचे पिवळसर दिवे घरातील तरुणांस फिके वाटू लागतात. मग एखाद्या नव्या गाडीचे पांढरेशुभ्र दिवे मिळवून ते जुन्या गाडीच्या तोंडावर चढविण्याची खटपट सुरू होते. ह्या हौसेत विद्यार्थी मागे नाहीत, आणि त्यांचा हट्ट पुरविणारे पालकही पुष्कळ आहेत. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जुने टाकून न देता दुरुस्त करून वापरणे हा दोष नव्हे, गुण होय. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशी नावे जेथे आजही आदराने घेतली जातात, त्या कोल्हापुरात यंत्रास हात लावू नका असे कोण म्हणेल? संस्थानकाळातील मेबॅक मोटार आमच्या दसऱ्याच्या सोहळ्यात अजूनही रस्त्यावर येते व आबालवृद्ध ती कौतुकाने पाहतात. अँबेसेडरचे उत्पादन 2014 साली बंद झाले, तरी ती चालती ठेवणारे कारागीर आमच्या उद्यमनगरात आहेत, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. आमचा आक्षेप कारागिरीस नाही. अर्धवट कारागिरीस आहे.

अँबेसेडर व जीप ह्यांचे गोल दिवे 7 इंच व्यासाचे असतात. हे माप 1940 साली अमेरिकेत रूढ झाले व पुढे अनेक देशांतील गाड्यांनी स्वीकारले. त्यामुळे एका गाडीचा दिवा दुसरीच्या खोबणीत सहज बसतो. परंतु खोबणीत बसला म्हणजे दिवा बसला, असे मात्र नव्हे.

अंतर्गोल आरशाचा धडा विद्यार्थ्यांनी वर्गात शिकलेला आहे. आरशाच्या नाभीत ज्योत ठेवली तर किरण समांतर निघून दूरवर जातात. ज्योत किंचित जरी हलली तरी किरणांची दिशा बदलते. मोटारीच्या दिव्याचे सारे रहस्य ह्यातच आहे. नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात. लांबच्या झोताची तार नाभीत असते; डिपरची तार नाभीच्या थोडी पुढे असून तिच्याखाली धातूची एक चिमुकली वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडविते, आणि वरच्या अर्ध्या आरशावर पडलेला उजेड परावर्तित होऊन रस्त्याकडे वळतो. समोरच्याचे डोळे वाचतात ते ह्या वाटीमुळे. आता ह्याच आरशात दुसऱ्या जातीचा एलईडी बल्ब खुपसला, आणि त्याचा उजेड तारेच्या नेमक्या जागेतून निघाला नाही, तर तो वर, खाली, बाजूस, वाटेल तिकडे फाकतो. गाडीत बसलेल्यास वाटते, काय लख्ख प्रकाश पडला! समोरून येणाऱ्यास मात्र काहीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्या बाजूची. आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात; म्हणून आपल्याकडील दिव्यांचा डिपर डावीकडे थोडा वर उचललेला असतो, जेणेकरून कडेचा पादचारी दिसावा व उजवीकडून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत. अमेरिका, जर्मनी इत्यादी देशांत वाहतूक उजव्या बाजूने असल्यामुळे तेथील दिव्यांची रचना नेमकी उलट असते. तिकडचा दिवा इकडे लावला, तर त्याचा उचललेला झोत थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. दिवा महागाचा व नामांकित असला, तरी ह्या दोषास उपाय नाही.

तिसरी गोष्ट तारांची. 12 व्होल्टच्या गाडीत 60 वॅटचा बल्ब 5 अँपिअर प्रवाह घेतो. दोन बल्ब मिळून 10. तेथे 100 वॅटचे दोन बल्ब लावले तर प्रवाह सुमारे 17 अँपिअर होतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच जुन्या तारेत ती जवळजवळ पावणेतीन पट निर्माण होते. वर्षानुवर्षे कडक झालेले तारेवरचे आवरण मग वितळते, आणि गाडी पेटण्याचा प्रसंग येतो. एलईडीस वीज कमी लागते हे खरे. परंतु तिचा दोष वर सांगितलाच आहे.

आता ह्या हौसेचे फळ कोणास भोगावे लागते ते पाहू. गळिताच्या हंगामात रात्री आमच्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर व बैलगाड्या रांगेने चाललेल्या असतात. कित्येक गाड्यांच्या मागे दिवा तर नसतोच, चकाकणारी पट्टीही नसते. अशा वेळी समोरच्या मोटारीच्या झोताने चालकाचे डोळे दिपले, तर पुढची बैलगाडी त्यास दिसावी कशी? ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार तीन सेकंदांत 50 मीटर पुढे जाते, आणि दिपलेली दृष्टी पूर्ववत होण्यास कित्येकदा त्याहून अधिक वेळ लागतो. वृद्धांस तर विशेषच. ज्याचे दिवे प्रखर, तो तोवर निघून गेलेला असतो. मागे काय घडले ह्याची त्यास वार्ताही नसते! आणि करूळ अगर आंबा घाटाच्या वळणावर समोरचा आंधळा झाला, तर तो आपल्याच अंगावर येणार, हे स्वार्थी माणसानेही ध्यानात ठेवावे.

कायद्याने ह्याचा विचार केलेला आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 106 वा नियम सांगतो की, दिव्यापासून 8 मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. दीड मीटर उंचीचा डोळा म्हणजे सायकलीवरून शिकवणीस जाणाऱ्या मुलाचा, अथवा शेतावरून परतणाऱ्या बाईचा डोळा. नियम करणाऱ्यांनी मोजमाप गाडीत बसून केले नाही, समोर उभे राहून केले. आमच्या मते ह्या प्रश्नाचे सारे मर्म ह्यातच आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, “जुन्या दिव्यांनी आम्हांस रस्ताच दिसत नाही, त्याचे काय?” तक्रार खरी आहे, परंतु पुष्कळदा दोष दिव्याच्या जातीचा नसून देखभालीचा असतो. आरसा काळवंडलेला असतो, काच धुरकटलेली असते, तारेचे जोड गंजलेले असतात, आणि बल्बपर्यंत पुरते व्होल्टच पोहोचत नाहीत. आरसा बदलावा, योग्य जाडीची नवी तार ओढून मध्ये रिले बसवावा, म्हणजे त्याच दिव्यास नवे तेज येईल. एवढे करूनही दुसरा दिवा घ्यावयाचाच असेल, तर केवळ बल्ब न घेता आरसा व काच ह्यांसह संपूर्ण दिवा, डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनविलेला, कायद्यास मान्य असा घ्यावा, आणि जाणत्या मेस्त्रीकडून त्याचा झोत जुळवून घ्यावा.

परीक्षा सोपी आहे. सपाट जागी भिंतीसमोर 25 फुटांवर गाडी उभी करावी, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी व डिपर लावावा. प्रखर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या किंचित खाली राहिली पाहिजे. केवळ डावीकडे ती थोडी चढलेली चालेल. हे काम मुलांनी वडिलांसह एका संध्याकाळी करावे. विज्ञानाचा एक प्रयोगही होईल.

घरातील दिवा आपला असतो. रस्त्यावरचा दिवा अर्धा आपला व अर्धा समोरच्याचा असतो. पालकांनी दिव्यांसाठी पैसे मोजण्यापूर्वी, आणि मुलांनी हट्ट धरण्यापूर्वी, एकदा गाडीतून उतरून तिच्या समोर उभे राहावे व मग निर्णय करावा, इतकीच आमची विनंती आहे.