नागीण नव्हे, भुंगेरा

पाऊस स्थिरावला की खेड्यापाड्यांतून एक तक्रार हमखास कानावर येते. रात्री काहीच जाणवले नव्हते. दिवस उलटला आणि मानेवर किंवा दंडावर आसुडाच्या वळासारखी लाल, जळजळणारी रेघ उमटली. मग तिच्यावर बारीक फोड आले. महाराष्ट्रात अशा रेघेला चटकन ‘नागीण’ म्हटले जाते. इकडे झाशीच्या परिसरात ‘मकडी फिर गई’ म्हणून दोष कोळ्याला दिला जातो. कोळी बिचारा निर्दोष असतो. या हंगामात अशा रेघेचा कर्ता पुष्कळदा पेडेरस प्रजातीचा रोव्ह भुंगेरा असतो.

हा कीटक जेमतेम सात ते दहा मिलिमीटर लांबीचा आणि मुंगीसारखा दिसणारा. अंग नारिंगी, डोके आणि शेपटीचे टोक काळे, पाठीवर निळसर चकाकीचे आखूड पंख. तो चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या शरीरद्रवात पेडेरिन नावाचे विष असते आणि ते मादीच्या शरीरात वस्तीला असणारे जिवाणू तयार करतात. अंगावर बसलेला भुंगेरा झोपेत चिरडला गेला की हे विष त्वचेवर पसरते आणि पेशींतील प्रथिननिर्मिती थांबवते. परिणाम दिसायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड कोणालाच घालता येत नाही. कोपराच्या वळणात समोरासमोर दोन सारखे चट्टे उठले असतील, तर ती या दाहाची चांगली खूण समजावी.

गाजरगवताने येणारी खाज आपल्या वाचकांना परिचित आहे. ती ॲलर्जी असते; वारंवार संपर्क आल्यावर काहींनाच जडते. पेडेरिनला अशी पूर्वतयारी लागत नाही. ते ज्याच्या त्वचेवर पुरेसे सांडेल, त्याला पोळते. जुलै २०२२ मध्ये सिक्कीममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांना एकाच सुमारास हा त्रास झाला होता.

अशा वेळी फवारणीची मागणी होते आणि माझा आक्षेप नेमका येथे आहे. हा भुंगेरा भातावरील तुडतुडे आणि मावा खाणारा मित्रकीटक आहे. त्याचा बंदोबस्त शेतात नव्हे, घरात करावा. तो दिव्याकडे, विशेषतः पांढऱ्या प्रखर प्रकाशाकडे येतो. म्हणून खाटेवरचा दिवा लवकर मालवावा, बाहेर पिवळा दिवा लावावा, मच्छरदाणी वापरावी आणि झोपण्यापूर्वी अंथरूण झटकावे. अंगावर कीटक दिसल्यास फुंकर मारावी किंवा कागदावर चढवून दूर करावा. चिरडला गेलाच, तर ती जागा तत्काळ साबण-पाण्याने धुवावी. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. दाह सुरू झाल्यावर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, फोड फोडू नयेत. चुना, राख किंवा झाडपाल्याचा लेप तर नकोच. मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावे आणि डोळ्याला लागण असल्यास त्याच दिवशी दाखवावे. खऱ्या नागिणीत बहुधा फोडांच्या आधी वेदना सुरू होते आणि पुरळ शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठते. तिचे औषध लवकर सुरू व्हावे लागते, म्हणून शंका असेल तेथे निदान घरी करत बसू नये.

आता थोडे आपल्या स्वतःच्या शिफारशींविषयी. प्रकाश सापळा लावण्याचा सल्ला आपण देतो. तो झोपण्याच्या जागेपासून दूर असावा आणि सकाळी उघड्या हाताने रिकामा करू नये, हे मात्र क्वचितच सांगतो. मेलेल्या, वाळलेल्या भुंगेऱ्यातही विष टिकून असते.

मूग, उडीद, तूर यांची फुले खाणाऱ्या, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेल्या मायलॅब्रिस भुंगेऱ्याची गोष्ट याहून अधिक खटकते. त्याच्या बाबतीत ‘हाताने वेचून नष्ट करावेत’ असे आपण बेलाशक लिहितो. हा भुंगेरा डिवचला की सांध्यांतून पिवळसर द्रव सोडतो. त्यातील कँथरिडिनने हातावर टपोरे फोड उठतात. बुंदेलखंडात काय किंवा विदर्भात काय, वेचणीचे हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रियांच्या वाट्याला येते आणि त्यांच्या हाती मोजे नसतात. हे द्रव्य वाळल्यावरही निकामी होत नाही. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळलेल्या चाऱ्यात अडकलेल्या याच कुळातील भुंगेऱ्यांनी घोडे दगावले आहेत. चारा पिकांवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

हातजाळी, रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि साबणाचे पाणी भरलेला डबा, एवढे साहित्य वेचणीच्या शिफारशीच्या त्याच ओळीत छापले गेले पाहिजे. ‘खबरदारी’ या शीर्षकाखाली शेवटच्या पानावर ते गेले की कोणी वाचत नाही. आणि कोणी पोळलेला हात घेऊन आपल्याकडे आला, तर रात्री दिवा कोठे होता, आदल्या दोन दिवसांत कोणत्या पिकात काम केले, एवढे विचारावे. कीटक सापडल्यास तो चिमट्याने बाटलीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे ओळख पटवण्यासाठी पाठवावा.