नेमका प्रश्न

बुवापाड्यातली आमची एक जुनी विद्यार्थिनी पीएचडीच्या अर्जासाठी लिहिलेला संशोधन आराखडा दाखवायला आली. विषय होता ‘मुस्लिम स्त्रियांचे शिक्षण’. आम्ही विचारले, “बेटा, कुठल्या स्त्रिया? कुठल्या काळातल्या?” ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “दहावीनंतर माझ्या वर्गातल्या मुली घरी का बसल्या, ते शोधायचंय.”

हाच तर तिचा विषय! आम्ही सांगितले, देशाचा सच्चर समितीचा (२००६) आणि आपल्या राज्याचा महमूदुर रहमान समितीचा (२०१३) अहवाल आधी वाच. त्यांत काय सांगितले, काय राहिले, ते लिही. मग किती जणींना भेटणार, काय विचारणार, किती वेळ लागेल, ते मांड.

अहवालांत आकडे आहेत. त्या मैत्रिणींचे म्हणणे मात्र तिलाच आणावे लागेल. इन्शाअल्लाह, ती आणील.