घरटॅक्स पाहून घर निवडताना

बडनेऱ्यात हल्ली प्लॉटची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "महापालिकेच्या हद्दीत कशाला घेता? पलीकडे घ्या, ग्रामपंचायतीचा टॅक्स नावालाच असतो." अंजनगाव बारीकडे किंवा बेलोऱ्याकडे लेआउट दाखवणारा दलाल तर हे आधी सांगतो, पाण्याचं नंतर. ऐकणाऱ्याला ते पटतंही. मालमत्ता कर दरवर्षी भरायचा असतो, म्हणून तो डोळ्यात खुपतो.

पण एकदा हिशेब मांडून पाहा. समजा, हद्दीतल्या घराला वर्षाचे 6,000 रुपये बसतात आणि पलीकडच्या घराला 1,500. फरक 4,500 चा, म्हणजे महिन्याला 375. आता पलीकडे राहिल्यामुळे कामावर जाता-येता रोज 10 किलोमीटर जास्त पडले, तर लिटरला 50 धावणारी गाडीही महिन्याला सहा लिटर पेट्रोल जास्त पिते. शंभराच्या वरचा भाव धरला, तर 600 रुपये तिथेच गेले. पोरांचा ऑटो आणि उन्हाळ्यात विकत घ्यावा लागणारा टँकर मी अजून धरलेलाच नाही.

दुसरं म्हणजे, हद्द जागेवर राहत नाही. आपल्यालाच हे पहिल्यांदा कळायला हवं. 1983 साली अमरावती महापालिका झाली आणि बडनेरा तिच्यात गेलं. जुनी वस्ती, नवी वस्ती तिथेच राहिली, पावती मात्र बदलली. हद्दवाढ झाली की महापालिकेचा दर टप्प्याटप्प्याने पूर्ण लागू होतो. पुण्याजवळची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2017 मध्ये पुणे महापालिकेत गेली. कराची एवढी ओरड झाली की पुढे ती बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. असं सुटणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

आणि ग्रामपंचायतीचा कर कायम स्वस्तच राहील, हेही धरून चालू नका. 2015 च्या अखेरीस नियम बदलले. आता तिथलीही आकारणी जमीन आणि बांधकामाच्या भांडवली मूल्यावर होते. बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल 2025 पासून प्रवासी विमानं उडू लागली. त्या बाजूचे भाव वाढले, तर फेरआकारणीत टॅक्सही वाढणारच.

मग कर बघूच नये का? जरूर बघा. पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याला हजार-दोन हजारांचाही फरक जाणवतो. पण दराआधी थकबाकी बघा, कारण महापालिका हद्दीत खरा फटका तिथे बसतो. तिथे मालमत्ता कराचा बोजा घरावर असतो. घर विकलं गेलं तरी तो घरासोबतच राहतो. थकलेल्या रकमेवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24 टक्के. सावकारही एवढं मागताना जरा लाजेल! विनापरवाना बांधकाम असेल तर आणखी वेगळा दंड. विकणारा हे आपण होऊन सांगेल, या भरवशावर राहू नका.

ग्रामपंचायतीचा नमुना आठ हातात पडला म्हणजे जागा आपली झाली, हाही समज सोडा. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. सातबारा आणि जमीन अकृषक झाल्याचा कागद वेगळा मागा. लेआउट मंजूर आहे का, हे दलालाला न विचारता कार्यालयात जाऊन विचारा.

आधीच हद्दीत घर असेल आणि नव्या आकारणीची नोटीस आली असेल, तर चौकात बोंब मारण्याआधी नोटिशीतलं क्षेत्रफळ स्वतः टेप लावून मोजा. घरात स्वतः राहता की भाडेकरू आहे, याची नोंद तपासा. चूक दिसली तर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

प्लॉट घेणार असाल, तर इसाराचे पैसे देण्याआधी शेवटची टॅक्सपावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.