विश्लेषण : अमेरिकेत दातांचा कोणता खर्च करमुक्त खात्यातून करता येतो?

अमेरिकेत दातांचे उपचार महाग आहेत आणि मोठ्या माणसांच्या नेहमीच्या आरोग्य विम्यात ते बहुधा धरलेले नसतात. त्यामुळे अनेक नोकरदार हा खर्च हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट म्हणजे 'एचएसए' किंवा फ्लेक्झिबल स्पेंडिंग अकाउंट म्हणजे 'एफएसए'मधून करतात. या खात्यांत भरलेल्या पैशांवर केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही. मात्र डेंटिस्टचे प्रत्येक बिल या सवलतीत बसत नाही.

काय चालते, काय नाही?

दातांचा आजार टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी खर्च झाला का, ही तिथल्या प्राप्तिकर खात्याची मुख्य कसोटी आहे. दात साफ करून घेणे, फ्लोराइड, एक्स-रे, सिमेंट भरणे, रूट कॅनाल, दात काढणे, कवळी आणि ब्रेसेस हा खर्च चालतो. दात पांढरे करून घेणे, टूथपेस्ट आणि साधा टूथब्रश चालत नाही. केवळ छान दिसण्यासाठी बसवलेले व्हिनियरही नाही. अपघातात तुटलेला दात नीट करायचा असेल, तर गोष्ट वेगळी.

गफलत कुठे होते?

कार्ड चालले म्हणजे खर्च मान्य झाला, असे अनेकांना वाटते. पण एचएसएचा खर्च नियमात बसतो हे दाखवण्याची जबाबदारी खातेदाराची असते. 65 वर्षांखालील व्यक्तीने 500 डॉलर दात पांढरे करण्यावर खर्च केले, तर त्या रकमेवर प्राप्तिकर आणि वर 20 टक्के, म्हणजे 100 डॉलर दंड लागतो. विमा कंपनीने दिलेली रक्कम किंवा खाते सुरू होण्यापूर्वीचे उपचारही चालत नाहीत.

पुण्यात केलेले रूट कॅनाल?

चालते. उपचार परदेशात झाले तरी निकष तोच. मात्र घरच्यांना भेटायला आलेल्या प्रवासाचे विमानाचे तिकीट त्यात धरता येत नाही. रुग्णाचे नाव, तारीख, उपचार आणि रक्कम लिहिलेली पावती क्लिनिकमधून निघण्यापूर्वीच घ्यावी.

वेळेचे गणित

एचएसएतील शिल्लक वर्षानुवर्षे राहते. एफएसएतील पैसे मात्र मुदतीत न वापरल्यास बुडतात. 2026 साठी एफएसएची मर्यादा 3,400 डॉलर आहे. कंपनीने मुभा दिली असेल, तरच त्यातले जास्तीत जास्त 680 डॉलर पुढच्या वर्षी नेता येतात. म्हणून मोठा उपचार ठरला असेल, तर डेंटिस्टकडून अंदाजपत्रक घेऊन मगच रक्कम ठरवणे फायद्याचे.